नळाचं पाणी, माशाचं काळीज आणि त्रिफळ्यातला बेहडा

जगातली सर्वांत गाजलेली भूतबाधेची कादंबरी एका विनोदी लेखकानं लिहिली आहे. विल्यम पीटर ब्लॅटी हे त्याचं नाव. वेंधळ्या इन्स्पेक्टर क्लूसोचा ‘अ शॉट इन द डार्क’ (१९६४) बघताना लोकांची हसून मुरकुंडी वळायची. त्या सिनेमाच्या दोन पटकथाकारांपैकी एक हा ब्लॅटी. त्याच्याही आधी त्यानं ग्राउचो मार्क्सच्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत दहा हजार डॉलर जिंकले होते. पैशांचं काय करणार, असं विचारल्यावर ‘नोकरी सोडून लिहीत बसणार’ असं सांगून तो मोकळा झाला आणि त्यानं ते खरं करून दाखवलं.

पुढे विनोदी सिनेमांचा बहर ओसरला, कामं येईनाशी झाली. तेव्हा विद्यार्थिदशेपासून डोक्यात घोळत असलेला एक विषय त्यानं बाहेर काढला. २० ऑगस्ट १९४९ च्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या पहिल्या पानावर बातमी होती : मेरीलँडमधल्या एका चौदा वर्षांच्या मुलाला कॅथलिक पाद्र्यानं सैतानाच्या तावडीतून सोडवलं. ब्लॅटी तेव्हा जॉर्जटाउन या जेझुइट विद्यापीठात शिकत होता. वीसेक वर्षांनी तो लिहायला बसला, तेव्हा मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यानं मुलाची मुलगी केली. तीच रीगन.

१९७१ साली ‘द एक्झॉर्सिस्ट’ बाजारात आली आणि चक्क पडून राहिली. दुकानदार गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवू लागले. तेवढ्यात डिक कॅव्हेटच्या टीव्ही कार्यक्रमातला एक पाहुणा आयत्या वेळी गळला आणि ब्लॅटीला बोलावणं आलं. काही मिनिटांसाठी गेलेला हा गडी पाऊण तासाच्या आसपास एकटाच बोलत राहिला. त्यानंतर पुस्तक ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या यादीत चढलं ते सत्तावन्न आठवडे तिथं ठाण मांडून बसलं, त्यातले सतरा आठवडे पहिल्या क्रमांकावर. १९७३ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सिनेमा आला, त्याला दहा ऑस्कर नामांकनं मिळाली, आणि रूपांतरित पटकथेचं ऑस्कर घेऊन आपला विनोदी लेखक घरी गेला. सिनेमात विद्यापीठाच्या अध्यक्षांचं काम करणारे फादर थॉमस बर्मिंगहॅम हे खरोखरीचे जेझुइट, आणि ब्लॅटीचे शाळेतले मास्तर!

पझूझूवर झालेला अन्याय

कादंबरीची सुरुवात उत्तर इराकमधल्या उत्खननात होते. तिथं म्हाताऱ्या फादर मेरिनच्या हाती पझूझू या प्राचीन राक्षसाची आकृती लागते आणि इथूनच संकट सुरू होणार हे वाचकाला कळतं. सिनेमा पाहिलेल्या कुणालाही विचारा, पझूझू म्हणजे साक्षात सैतान.

पण खुद्द मेसोपोटेमियातल्या बाळंतिणींना विचारता आलं असतं, तर उत्तर वेगळं मिळालं असतं. पझूझू हा दुष्ट वाऱ्यांचा राजा होता हे खरं. मात्र त्याहून भयंकर होती लमाश्तू. ती गर्भारणींवर आणि तान्ह्या बाळांवर टपून बसायची, आणि तिला पळवून लावायची ताकद पझूझूत होती. म्हणून त्याच्या अक्राळविक्राळ तोंडाचे ताईत बायका गळ्यात घालत, घरात टांगत. त्याची एक छोटी कांस्यमूर्ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. पंख, विंचवाची नांगी, वटारलेले डोळे, सगळं काही आहे. ज्याला आयाबायांनी राखणदार म्हणून जवळ बाळगलं, त्यालाच विसाव्या शतकात एका लेकराच्या मानगुटीवर बसवलं गेलं. मला हे वाचून त्या बिचाऱ्याची खरोखर कीव आली.

पाणी कुठलं होतं?

कादंबरीतला माझा आवडता प्रसंग अगदी साधा आहे. तरुण फादर कॅरस हा पाद्रीही आहे आणि मनोविकारतज्ज्ञही. पवित्र जल म्हणून तो रीगनवर पाणी शिंपडतो. ती किंचाळते, भाजल्यासारखी तडफडते. पाणी नळाचं असतं.

ही युक्ती ब्लॅटीच्या आधी सुमारे पावणेचारशे वर्षं फ्रान्समध्ये वापरून झाली आहे. मार्त ब्रोसिये नावाची विणकराची मुलगी १५९८-९९ मध्ये गावोगाव अंगातल्या सैतानाचं दर्शन घडवत फिरत होती. अँजेच्या बिशपनं तिला साधं पाणी पवित्र म्हणून दिलं, आणि पवित्र पाणी साधं म्हणून. साध्या पाण्यानं ती तडफडली, पवित्र पाणी तिनं निवांत पिऊन टाकलं. मग बिशपनं मोठा ग्रंथ उघडून गंभीर आवाजात लॅटिन वाचायला सुरुवात केली. सैतान थयथयाट करू लागला. वाचलं काय जात होतं? तर कवी व्हर्जिलचं महाकाव्य! पॅरिसमध्ये डॉक्टर मारेस्कोनं तिला तपासलं आणि निकाल दिला की सैतानाचा भाग शून्य, सोंगाचा बराच आणि आजाराचा थोडासा. त्यावर १५९९ सालीच पुस्तिकाही छापून आली.

याहून गंमत पुढेच आहे. सैतान उतरवण्याचा कॅथलिक चर्चचा अधिकृत विधी १६१४ च्या ‘रोमन रिच्युअल’ या पोथीत आहे. आपल्याला वाटेल, पहिलीच सूचना क्रूस कसा धरायचा याची असेल. नाही. सुरुवातीलाच बजावलं आहे ते अशा अर्थाचं की बाधा झाली आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नका, आजारी माणूस आणि बाधा झालेला माणूस यांतला फरक आधी ओळखा. सैतानाशी नसत्या गप्पा मारत बसू नका, अशीही ताकीद आहे. आणि औषधं तर पाद्र्यानं द्यायचीच नाहीत, ते काम वैद्याचं. हा विधी पुढे जवळपास चारशे वर्षं चालला. नवी सुधारित आवृत्ती आली ती थेट १९९९ मध्ये.

शंका घेणारा माणूस ज्या पुस्तकात आहे, तेच पुस्तक मला रात्री झोपू देत नाही. नुसत्या किंकाळ्यांची पुस्तकं शेकड्यानं आहेत आणि ती दुसऱ्या दिवशी विसरायला होतात.

लूदाँ : सैतानाचं कच्चं लॅटिन

या विषयावरचं एकच पुस्तक वाचायचं असेल तर मी ऑल्डस हक्सलीचं ‘द डेव्हिल्स ऑफ लूदाँ’ (१९५२) हातात देईन. यात काल्पनिक काहीच नाही, आणि म्हणूनच ते जास्त घाबरवतं.

फ्रान्समधलं लूदाँ हे लहानसं गाव. १६३२ मध्ये तिथल्या मठातल्या जोगिणींना एकामागून एक झटके येऊ लागले. मठाची प्रमुख होती सिस्टर झान. बोट दाखवलं गेलं उर्बां ग्रांदिये या गावच्या देखण्या, फर्ड्या आणि बायकांत रमणाऱ्या पाद्र्याकडे. झाननं त्याला प्रत्यक्ष पाहिलेलंही नव्हतं. ग्रांदियेचा खरा गुन्हा निराळाच होता. कार्डिनल रिशल्यूला लूदाँची तटबंदी पाडायची होती आणि ग्रांदियेनं त्याला विरोध केला होता.

सैतान उतरवण्याचे प्रयोग चर्चमध्ये भर गर्दीत चालायचे. हजारोंनी लोक लोटले, परगावाहून उमराव आले, खाणावळींची चांदी झाली. सैतानाला सगळ्या भाषा येतात अशी समजूत, म्हणून पाद्री लॅटिनमध्ये प्रश्न विचारत. सिस्टर झानच्या तोंडून सैतान उत्तर देई, पण व्याकरण पार कोलमडलेलं. विभक्त्या चुकत, प्रेक्षकांतले शिकलेले लोक हसत. खटल्यात एक ‘करारनामा’ही सादर झाला. उलट्या आरशातल्या अक्षरात लिहिलेला आणि खाली सैतानांच्या सह्या! तो कागद आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवला आहे. १८ ऑगस्ट १६३४ रोजी ग्रांदियेचे हालहाल करून त्याला जिवंत जाळलं. त्यानं शेवटपर्यंत गुन्हा कबूल केला नाही.

तो गेला तरी झटके थांबले नाहीत, आणि इथून गोष्ट फारच विलक्षण होते. झां-जोसेफ स्यूरां नावाचा सज्जन जेझुइट झानला बरं करायला आला. तिचा सैतान माझ्या अंगात येऊ दे, पण तिला सोड, अशी प्रार्थना त्यानं केली. त्यानंतर सुमारे वीस वर्षं तो स्वतःच आजारी होता. बोलता येईना, लिहिता येईना, एकदा त्यानं खिडकीतून उडीही घेतली. आपल्या देहात दोन जीव भांडताहेत असं तो पत्रात लिहून गेला. झान मात्र बरी झाली. सैतान जाताना तिच्या हातावर पवित्र नावं उमटवून गेला म्हणे. तो हात दाखवत ती फ्रान्सभर हिंडली आणि राजवाड्यापर्यंत पोचली.

झाननं आत्मचरित्रही लिहिलं. ते १८८६ मध्ये पुस्तकरूपात छापलं कुणी? तर डॉक्टरांनी! प्रस्तावना मज्जाविकारतज्ज्ञ शार्कोची. दोन संपादकांपैकी एक होता जॉर्ज जिल द ला तूरेत. अचानक शरीराला झटके येतात, तोंडून शब्द फुटतात, त्या ‘तूरेत सिंड्रोम’ला ज्याचं नाव दिलं आहे तोच हा तूरेत.

शेक्सपिअरनं उचललेली भुतं

‘किंग लिअर’मध्ये एडगर वेड्याचं सोंग घेतो आणि फ्लिबर्टिजिबेट, स्मल्किन, मोडो, माहू अशी भुतांची भन्नाट नावं घेत बडबडतो. ही नावं शेक्सपिअरची नव्हेत. १६०३ साली सॅम्युअल हार्सनेट या धर्माधिकाऱ्यानं सैतान उतरवण्याच्या भोंदूगिरीवर एक सणसणीत पुस्तक लिहिलं होतं. शेक्सपिअरनं ते वाचलं आणि नावं थेट नाटकात घेतली. भोंदूगिरी उघडी पाडायला लिहिलेल्या पुस्तकातली भुतं सोंग घेणाऱ्याच्याच तोंडी घालण्यात नाटककाराची केवढी अक्कल दिसते!

भूत घालवण्याच्या जुन्या तऱ्हाही एकेक ऐकण्यासारख्या. ‘टोबीट’ या प्राचीन यहुदी ग्रंथात अस्मोदेउस नावाचा राक्षस सारा या मुलीचे सात नवरे पहिल्याच रात्री मारतो. आठवा नवरा हुशार. तो निखाऱ्यांवर माशाचं काळीज आणि यकृत टाकतो. त्या वासानं राक्षस जो पळतो तो थेट इजिप्तमध्ये. इतिहासकार जोसेफसनं लिहिलेली हकीकत तर रोमन सेनापती व्हेस्पेशियनच्या समोरची. एलाझार नावाच्या मांत्रिकानं अंगठीखाली ठेवलेल्या मुळीचा वास देऊन रोग्याच्या नाकपुडीतून भूत ओढून काढलं. पुरावा म्हणून भुतानं जाताजाता पाण्यानं भरलेलं भांडं उलथायचं, असं आधीच ठरलं होतं.

जपानच्या ‘गेंजीच्या कथे’त, म्हणजे हजार वर्षांपूर्वी, तर झपाटणारी बाई मेलेलीही नाही. रोकुजो ही मानी स्त्री जिवंत आहे, आपल्या घरी आहे. पण मनातला मत्सर तिच्याही नकळत बाहेर पडतो आणि गेंजीच्या गर्भार बायकोला धरतो. रोग्याजवळ मोहरीची धुरी दिली जाते. काही अनुवादक तिला खसखस म्हणतात. इकडे रोकुजोच्या कपड्यांना तो वास येऊ लागतो, धुतला तरी जात नाही. आपणच ते भूत आहोत, हे तिला वासावरून कळतं. मुरासाकी या लेखिकेनं हे लिहिलं तेव्हा मनोविश्लेषण जन्मायला नऊशे वर्षं बाकी होती.

आपल्याकडची भुतं जास्त बहुश्रुत

बृहदारण्यक उपनिषदात जनक राजाच्या सभेत एक ऋषी उठून याज्ञवल्क्यांना सांगतो : आम्ही मद्र देशात पतंचल काप्याच्या घरी गेलो होतो, त्याच्या मुलीला गंधर्वानं धरलं होतं. आम्ही त्याला विचारलं, तू कोण? त्यानं नाव सांगितलं. पुढे मारहाण नाही, मिरच्यांची धुरी नाही. ऋषींनी त्या गंधर्वाला जगाच्या सीमांविषयी प्रश्न विचारले आणि शिकून घेतलं! दुसऱ्या एका प्रसंगी काप्याच्या बायकोला धरणारा गंधर्व तर सगळ्यांना ओवणाऱ्या सूत्राविषयी आणि अंतर्यामीविषयी विचारतो. झपाटलेल्या बाईच्या तोंडून तत्त्वज्ञान ऐकणारी ही माणसं मला फार मोठी वाटतात.

महाभारतातला नळ राजा आठवतो? दमयंतीनं नळाला वरलं म्हणून कली चिडला. नळाच्या अंगात शिरायला फट मिळावी म्हणून तो बारा वर्षं टपून राहिला. आणि फट मिळाली ती कशी, तर एकदा नळ लघुशंकेनंतर पाय न धुता संध्येला बसला. पुढचा द्यूत, वनवास, दमयंतीचा त्याग सगळ्यांना ठाऊक असतो. कली बाहेर कसा आला ते मात्र विसरलं जातं. कर्कोटक नागानं नळाला डसून ठेवलं होतं, ते विष नळाला नव्हे तर आतल्या कलीला जाळत होतं. आणि ऋतुपर्ण राजाकडून नळ ज्या क्षणी फाशांची विद्या शिकला, त्या क्षणी कली विष ओकत बाहेर पडला. म्हणजे ज्या खेळानं बुडवलं, तोच खेळ नीट समजल्यावर सुटका झाली. थरथरत हात जोडणारा कली मग बेहड्याच्या झाडात शिरला. प्राचीन काळी जुगाराचे फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. तोच बेहडा आज हिरडा आणि आवळकाठीबरोबर तुमच्या त्रिफळा चूर्णात आहे.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक चक्क भूतविद्या आहे, आणि वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त भूतबाधेचे दोन अध्याय संपले की लगेच उन्मादाचा अध्याय येतो. ‘भगवदज्जुकीय’ या संस्कृत प्रहसनात तर संन्यासी गणिकेच्या मृत देहात शिरतो. यमदूत चुकून नेलेला जीव परत आणतो आणि गणिकेचा जीव संन्याशाच्या देहात घालून मोकळा होतो. गणिका वेदान्त सांगते, संन्यासी लाडे लाडे बोलतो. सातव्या शतकाच्या आसपास लिहिलेलं हे नाटक आजच्या प्रेक्षकालाही खदखदून हसवेल.

कोकणच्या भुतांची सरकारी वही

आपल्या घराघरांत वाचल्या जाणाऱ्या ‘गुरुचरित्रा’तली बाधेची कथा नीट वाचा. शिरोळच्या एका बाईची मुलं जगत नाहीत, कारण ब्रह्मसमंध मागे लागला आहे. कारण काय? गेल्या जन्मी तिनं एका ब्राह्मणाचे पैसे बुडवले होते. भूत म्हणजे थकलेलं कर्ज! उपाय म्हणून गुरू तिला औदुंबराची सेवा सांगतात, आणि सोबत त्या ब्राह्मणाचं उत्तरकार्य व पैशांची फेडही.

मुंजा, हडळ, खवीस, समंध, देवचार, गिऱ्हा या मंडळींची मोठी नोंद इंग्रजीत आहे. १९१५ साली मुंबईत छापलेल्या त्या पुस्तकात कोकणातली भुतं, अंगात येणं आणि उतारे यांची माहिती गोळा केली आहे. ती पुरवली गावोगावच्या शाळामास्तरांनी. संपादन आर. ई. एन्थोवेन यांचं, पण मूळ टिपणं ए. एम. टी. जॅक्सन यांची. हा जॅक्सन म्हणजे नाशिकचा तोच कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीपुरता येणारा हा माणूस कोकणातली भुतं टिपून ठेवत होता, हे किती जणांना माहीत असतं?

मराठी कादंबरीत या प्रांताचे अनभिषिक्त राजे नारायण धारप (१९२५-२००८). शिक्षणानं ते रसायन तंत्रज्ञानाचे पदवीधर. त्यांचा ‘समर्थ’ हा नायक अमानवी शक्तींशी लढताना डोकं थंड ठेवतो, निरीक्षण करतो, मगच पाऊल टाकतो. फादर कॅरसशी त्याचं गोत्र जुळतं ते इथं. धारपांच्या जुन्या प्रती रद्दीच्या दुकानात दिसल्या तर सोडू नका.

जिथं गंमत थांबते

पश्चिम जर्मनीतल्या क्लिंगेनबर्ग गावच्या तेवीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीवरही पुस्तकं निघाली, २००५ मध्ये ‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोज’ हा सिनेमाही निघाला. तिला अपस्माराचं निदान झालं होतं. तरी बिशपच्या परवानगीनं दोन पाद्र्यांनी महिनोन्‌महिने तिच्यावर सदुसष्ट वेळा विधी केले. शेवटी तिनं खाणं सोडलं. १ जुलै १९७६ रोजी ती कुपोषणानं गेली, तेव्हा तिचं वजन तीस किलोच्या आसपास होतं. १९७८ साली न्यायालयानं आईवडील आणि दोन्ही पाद्री यांना निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरवलं. ‘सहजासहजी विश्वास ठेवू नका’ आणि ‘औषधोपचार वैद्याकडे सोपवा’ ही पोथीतली वाक्यं तेव्हा साडेतीनशे वर्षं जुनी होती.

म्हणून या यादीत शेवटचा मजकूर कादंबरीचा नाही, कायद्याचा आहे. जादूटोण्याविरुद्धच्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याची आहे. त्या बहाण्यानं माणसाला दोरानं किंवा साखळीनं बांधणं, मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. पुस्तकातली भुतं मनसोक्त वाचा. पण शेजारीपाजारी कुणाच्या अंगातलं भूत असं काढलं जाताना दिसलं, तर लगेच पोलीस ठाण्यात कळवा. या कायद्याखाली दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद त्यासाठीच आहे.